सदर मुलीस आम्ही ओळखत नाही

हा लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. आम्ही दोन वेगवेगळ्या गावांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो, वयाने चाळिशीच्या मध्यावर आहोत, आणि २००१ ते २००३ ही दोन वर्षे एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहिलो आहोत. तेव्हा या लेखातले ‘आम्ही’ आदरार्थी नाही की संपादकीयही नाही. ते सरळ द्विवचन आहे. संस्कृतातले द्विवचन मराठीत उतरले नाही, ही अडचण आम्हांला हा लेख लिहिताना फार जाणवली. कारण त्या खोलीत खरे तर आम्ही तिघी होतो. तिघींचे ‘आम्ही’ एका रात्रीत दोघींचे कसे झाले, ते सांगण्यासाठी हा लेख.

निमित्त अगदी कार्यालयीन आहे. जून २०२४ मध्ये आमच्यातल्या एकीकडे तिच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाचा कार्यभार आला. कार्यभार म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, हजेरीचे रजिस्टर आणि आधीच्या रेक्टरबाईंनी तयार करून ठेवलेला एका नोटिशीचा मसुदा. खोल्यांमध्ये अनधिकृतपणे राहणाऱ्या मुलींची तपासणी करण्यात येईल, अशी मुलगी आढळल्यास तिला आश्रय देणाऱ्या विद्यार्थिनीचा वसतिगृह प्रवेश रद्द करण्यात येईल, वगैरे. त्या रात्री तिने दुसरीला फोन करून तो मसुदा वाचून दाखवला. थोडा वेळ दोघीही काही बोललो नाही. मग दुसरी म्हणाली, “बावीस वर्षं झाली गं, पण भाषा तीच आहे.”

तेवढ्यावर फोन संपायला हवा होता. तो दीड तास चालला. इतक्या वर्षांत ज्या गोष्टीविषयी आम्ही एकमेकींशी एकदाही बोललो नव्हतो, तिच्याविषयी आम्ही त्या रात्री बोललो.

* * *

आमचे विद्यापीठ लहान होते. त्याचे नाव येथे लिहीत नाही. लिहून काही साधणार नाही. गावापासून सात-आठ किलोमीटरवर, माळावर वसलेले. मोजके विभाग, ग्रंथालय, मुलांची तीन वसतिगृहे, मुलींचे एक, प्राध्यापकांची निवासस्थाने, एक कँटीन आणि एक झेरॉक्सचे दुकान. गावाकडे जाणारी शेवटची बस रात्री नऊला सुटे. ती गेली की माळावर उरत ती सगळी एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसे. ‘निवासी विद्यापीठ’ या शब्दाचा अर्थ आम्हांला माहितीपत्रकातून कळला नव्हता. तो त्या बसचा आवाज उतारावरून नाहीसा होत जाताना कळला.

मुलींच्या वसतिगृहात ४२ खोल्या होत्या आणि ८४ मुली. खोलीत दोन लोखंडी कॉट, दोन टेबले, दोन खुर्च्या, भिंतीत दोन कपाटे. सगळे जोडीने. गरम पाणी पहाटे पाच ते साडेसहा. त्यासाठी रात्रीच बादल्यांची रांग लागे, आणि मालकीण झोपेत असली तरी तिची बादली तिच्या वतीने नंबर धरून उभी असे. खोलीत कॉइल वापरायला बंदी होती, आणि कॉइल नाही अशी एकही खोली नव्हती. फोन एकच, तळमजल्यावर, ऑफिसबाहेरच्या कोनाड्यात. घरून कुणाचा फोन आला की ऑफिसातल्या मावशी जिन्याखाली उभ्या राहून खोलीचा नंबर आणि नाव पुकारीत. ज्या मुलीचे नाव आठवड्यातून एकदाही पुकारले जात नसे, तिच्याविषयी सगळ्यांनाच थोडे वाईट वाटे.

संध्याकाळी आठला फाटक बंद होई आणि रजिस्टरात सही करावी लागे. ग्रंथालय मात्र नऊपर्यंत उघडे असे. म्हणजे शेवटचा तास मुलांचा. आम्ही पावणेआठला पुस्तके मिटून उठायचो, तेव्हा समोरच्या टेबलावरचा वर्गमित्र पान उलटत असायचा. या एका तासाविषयी आम्ही कधी तक्रार केली नाही. दिल्लीत २०१५ साली वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध मुलींनी ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू केली, तेव्हा आम्ही नोकरीला लागून बरीच वर्षे झाली होती. बातमी वाचून आम्हांला प्रथम आठवले ते ग्रंथालयातले ते टेबल.

मेस ‘डिव्हायडिंग’ची होती. ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महिनाभर किराणा, भाजी, दूध, गॅस, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार असा जो एकूण खर्च होई, तो त्या महिन्यातल्या एकूण ताटांच्या संख्येने भागायचा. जी जितके दिवस जेवली असेल, तितके तिचे बिल. गावी गेल्याचे दिवस ‘खाडे’ म्हणून वजा. बाहेरचे कुणी जेवायला आले तर गेस्टचे ताट, बारा रुपये. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद. ती रात्र आम्ही कॉइलवर चहा करून, त्यात पाव बुडवून काढायचो. महिन्याचे बिल सहाशेच्या आगेमागे येई आणि ते नोटिस बोर्डावर लागले की वसतिगृहात दोन दिवस दुसरा विषय नसे. हिशोब ठेवणारी मेस सेक्रेटरी मुलींमधूनच निवडली जाई. ऑगस्ट २००१ पासून ते काम आमच्यातल्या एकीकडे आले. ती निवडून वगैरे आली नव्हती; दुसरे कुणी हात वर केला नाही, एवढेच.

* * *

तिसरी आली ती त्याच वर्षी जुलैत, ‘चार दिवसांसाठी’. आमच्यातल्या एकीची ती बी. ए.ची वर्गमैत्रीण. तिच्या घरी बी. ए. म्हणजे शिक्षण संपले अशी समजूत होती आणि पुढचा कार्यक्रम ठरत आला होता. तिने घरी काय सांगितले, ते आम्हांला शेवटपर्यंत नीट कळले नाही. तिने एम. ए.चा अर्ज बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून भरला होता, कारण नियमित प्रवेशाची फी एकदम भरणे शक्य नव्हते. बहिःस्थ विद्यार्थ्याला वसतिगृह मिळत नाही. नियम तर्काला धरूनच आहे: जो विद्यापीठात शिकत नाही, त्याने विद्यापीठात का राहावे? तिचा प्रश्न उलटा होता. राहायला जागा मिळाली तरच तिला शिकता येणार होते.

गावातल्या एका डीटीपी सेंटरवर तिला काम मिळाले. ‘श्री-लिपी’त ती पीएच. डी.चे प्रबंध टंकित करी. सकाळी सातच्या बसने जाई, संध्याकाळी मुलींच्या घोळक्यातून आठच्या आत फाटकातून येई. रजिस्टरात तिची सही नसे, कारण रजिस्टरात तिचे नावच नव्हते. दोन कॉटच्या मधल्या जागेत तिची गादी. सकाळी ती गादी गुंडाळून आमच्यातल्या एकीच्या कॉटखाली जाई. तिचे फोन आमच्या नावावर येत. “चौदा नंबर!” अशी हाक आली की आमच्यातली एक धावत खाली जाई, फोन घेई, आणि “हो काकू, देते” असे हळूच म्हणून तिला बोलवायला पुन्हा वर येई. तिच्या आईला वाटे की मुलीची खोली वरच्या मजल्यावर आहे म्हणून वेळ लागतो. ते खरेच होते. फक्त खोली मुलीची नव्हती.

अशा मुलीला वसतिगृहाच्या भाषेत ‘पॅरासाइट’ म्हणतात. हा शब्द महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांच्या वसतिगृहांत चालतो आणि तो उच्चारताना कुणाला काही वाटत नाही. आम्ही भाषेचे विद्यार्थी. या शब्दाविषयी आम्हांला तेव्हाच प्रश्न पडायला हवा होता. आपल्याकडे दुसऱ्याच्या आधाराने शिकणारा विद्यार्थी ही काही नवी गोष्ट नव्हे. त्याच्यासाठी मराठीत शब्दही होते: तो वारावर जेवत असे, माधुकरी मागत असे, कुणाकडे आश्रित म्हणून राहत असे. या शब्दांत देणाऱ्याचा मोठेपणा आणि घेणाऱ्याचा ओशाळेपणा भरून राहिला आहे, आणि ती सोय ठरावीक जातींच्या मुलांपुरतीच होती, हेही खरे. पण त्या शब्दांत एक माणूस होता. ‘पॅरासाइट’मध्ये जंत आणि बांडगूळ आहे. शिवाय हा शब्द एक विधानही करतो: ज्याच्या जिवावर तो जगतो, त्याला त्याच्यापासून काहीही मिळत नाही. शाळेतल्या जीवशास्त्रात आपण हेच पाठ केलेले असते.

आम्हांला काय मिळाले, ते आता सांगतो. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही तिच्याकडून शिकलो. दिवसभर दुसऱ्यांचे प्रबंध टंकित करून तिची नजर अशी झाली होती की आमची ट्युटोरिअल ती नुसती चाळे आणि चुकीच्या वेलांटीवर बोट ठेवी. एक प्रस्तावना आपण तीन वेगवेगळ्या प्रबंधांसाठी तीनदा टंकित केली, हे ती अगदी निर्विकारपणे सांगे. संशोधनपद्धतीचा त्याहून प्रभावी तास आम्ही पुढे कधी अनुभवला नाही. ‘कोसला’ आम्हांला अभ्यासाला होती. १९६३ सालच्या त्या कादंबरीतले पांडुरंग सांगवीकरचे होस्टेल वाचताना आम्ही दोघी खूश होत असू, की अरे, हे तर आपलेच आहे. तिने वाचून झाल्यावर विचारले, “याला घरून पैसे येत होते ना?” आम्ही हसलो होतो. आज वर्गात ‘कोसला’ शिकवताना तो प्रश्न आम्ही दोघीही विद्यार्थ्यांना विचारतो. तो कुणाचा प्रश्न आहे, हे मात्र सांगत नाही.

आणि मेसचा हिशोब. सेक्रेटरी आमच्यातली एक होती, पण तिला भागाकार नकोसा वाटे. महिनाअखेरीस वही उघडून ती बसली की तिसरी म्हणे, “दे इकडे.” किराण्याच्या पावत्या, दुधाची कार्डे, खाडे, गेस्टची ताटे, जमा-खर्च, सगळे ती तासाभरात लावून टाकी. पत्र्याच्या डब्यातली रोकड मोजून वहीशी जुळवी. सेक्रेटरी खाली सही करी. नोव्हेंबरात बिल चाळीस रुपयांनी उतरले तेव्हा जेवणघरात सेक्रेटरीसाठी टाळ्या वाजल्या होत्या. तिसरी तेव्हा वर खोलीत होती. ती जेवणघरात कधी बसत नसे.

तिचे जेवण आम्ही वर नेत असू. दुपारचे ती गावात काहीतरी खाई. रात्री आमच्यातली एक जेवून उठताना डबा भरून घेई: चार पोळ्या, भाजी, थोडा भात. वाढणाऱ्या मावशींना ते दिसत असे. “न्या, न्या. उपाशी निजू नये माणसानं,” एवढेच त्या म्हणत. आम्हांला वाटे, आपण मोठी जोखीम पत्करतो आहोत. कधी कधी असेही वाटे की हे बरोबर नाही; आपण एका मुलीला जेवू घालतो आणि तिचे पैसे ८४ जणींच्या बिलात त्यांना न विचारता वाटले जातात. यावर आम्ही दोघींनी एकदा, ती नसताना, गंभीर चर्चाही केली होती. शेवटी प्रत्येकीच्या वाट्याला महिन्याला पाच रुपयेसुद्धा येत नाहीत, असा हिशोब मांडून आम्ही स्वतःला माफ केले. आपण उदार आहोत, ही भावना त्या माफीत कुठेतरी होतीच.

* * *

तपासणी ११ फेब्रुवारी २००२ च्या रात्री झाली. कारणे खरी होती. पाण्याची टंचाई जानेवारीतच सुरू झाली होती. टाकी ८४ मुलींच्या अंदाजाने बांधलेली, आणि राहत होत्या शंभराच्या वर. पहाटे शेवटच्या दहा-बारा बादल्या रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा ज्यांच्या बादल्या रिकाम्या राहत त्या मुलींनीच तक्रार केली. रेक्टरबाई दुष्ट नव्हत्या. त्यांना कुलसचिवांना उत्तर द्यायचे होते आणि उद्या काही बरेवाईट झाले तर, जिचे नाव आपल्या रजिस्टरात नाही अशा मुलीची जबाबदारी कुणाची, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. हे सगळे आम्हांला आज समजते. त्या रात्री एवढेच समजले की खालच्या मजल्यावर दारे वाजत आहेत आणि आवाज जिन्याकडे येत आहे.

तिसरी गच्चीवर गेली. गादी कॉटखाली होती, पण तिची बॅग उघड्यावर राहिली होती. बॅगेवर, लहान गावातल्या मुली लिहितात तसे, पूर्ण नाव लिहिलेले होते. रेक्टरबाईंनी ते वाचले आणि आमच्याकडे पाहिले. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमची एम. ए.ची परीक्षा दोन महिन्यांवर आहे. मला तुमच्यावर कारवाई करायची नाही. लिहून द्या.” आम्ही कागद घेतला. एकीने मजकूर सांगितला, दुसरीने लिहिला. “सदर मुलीस आम्ही ओळखत नाही. सदर सामान आमच्या खोलीत कसे आले याची आम्हांस कल्पना नाही.” खाली दोघींच्या सह्या, तारीख. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती.

सात महिने जिच्या शेजारी झोपलो, तिला ‘सदर’ करायला आम्हांला पाच मिनिटेही लागली नाहीत. कार्यालयीन मराठीतला हा शब्द आम्ही व्यावहारिक मराठीच्या तासाला विद्यार्थ्यांना आजही शिकवतो. तो सोयीचा शब्द आहे. त्याने नाव घ्यावे लागत नाही.

गच्चीवरून तिला एका शिपाई बाईने खाली आणले. तिच्याबरोबर आणखी पाच-सहा जणी होत्या, वेगवेगळ्या खोल्यांतल्या. साडेआठ वाजले होते; शेवटची बस मिळण्यासारखी होती. कागद रेक्टरबाईंच्या हातात होता आणि तो तिने वाचला की नाही, हे आम्हांला माहीत नाही. ती बॅग घ्यायला खोलीत आली. दारात शिपाई बाई उभी होती, त्यामुळे आम्ही ओळख दाखवू शकत नव्हतो. निदान आम्ही तसे ठरवले होते. तिने आमची ती अडचण ओळखली असावी, कारण तिने आमच्याकडे पाहिले नाही. बॅगेच्या कप्प्यातून शंभराची एक आणि दहाच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “मेसच्या वहीत या महिन्याची दहा ताटं लिहायची राहिलीत.” मग ती गेली. फाटक आठलाच बंद झालेले. ते त्या मुलींसाठी उघडले आणि पुन्हा बंद झाले. आम्ही खिडकीत उभ्या राहिलो. बसचा आवाज उतारावरून गेला.

ती काय म्हणाली ते आम्हांला त्या वेळी कळलेच नाही. नंतर वही काढली. प्रत्येक महिन्याच्या पानावर, गेस्टच्या रकान्यात, तिच्या बारीक अक्षरातली एक नोंद होती. डिसेंबरचे पान आम्हांला चांगले आठवते: ‘गेस्ट, ताटे २६, रु. ३१२, रोख जमा.’ रविवारच्या रात्री मेस बंद, एखाद्या रात्री ती गावी गेलेली, एखाद्या रात्री काम उशिरापर्यंत चालल्याने सेंटरच्या मालकिणीकडे मुक्कामाला राहिलेली. त्या रात्री तिने बरोबर वजा केल्या होत्या. आपल्या दुपारच्या ताटाचे एक-दोनदा सुट्टीच्या दिवशी वर आणलेले जेवणही तिने धरले होते. म्हणजे ज्या डब्याला आम्ही आपला उदारपणा समजत होतो, त्या प्रत्येक डब्याचे पैसे तिने भरले होते, तेही सभासदांपेक्षा चढ्या, गेस्टच्या दराने. ८४ जणींवर तिचा एका पैशाचाही भार पडला नव्हता. मावशींना हे ठाऊक होते. त्या महिन्यांच्या प्रत्येक पानाखाली सेक्रेटरीची सही होती. आमच्यातल्या एकीची. न वाचता केलेली.

एकेका ओळीत दडलेले शोधण्याचे शिक्षण आम्ही त्या दोन वर्षांत घेत होतो, आणि रोज हाताळलेली ही वही आम्ही वाचली नव्हती.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या केंद्रावर ती दिसली. बहिःस्थांची बैठकव्यवस्था वेगळ्या इमारतीत होती. ती नळावर पाणी पीत होती. आम्ही जिन्यामागच्या बाजूला वळलो आणि ती जाईपर्यंत तेथेच थांबलो. निकाल लागला तेव्हा बहिःस्थांच्या यादीत तिचा बैठक क्रमांक उत्तीर्णांत होता. तो आम्ही हॉलतिकिटावरून पूर्वीच लिहून घेतलेला होता. त्यानंतर तिच्याविषयी आम्हांला काहीही माहीत नाही. शोधले नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल.

* * *

आपल्याकडच्या वसतिगृहांचा इतिहास आम्ही पुढे शिकवण्याच्या निमित्ताने वाचला. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. तेथे शिकलेल्या गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. वैधव्य आलेली मुलगी घरात असून नसल्यासारखी असते, तिच्या नावाने घरात काहीच नसते, हे ‘माझे पुराण’ वाचताना कळते. तिला पहिली हक्काची जागा मिळते ती घरात नव्हे, वसतिगृहात. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हा प्राध्यापक आश्रमासाठी सामान घेऊन हिंगण्यापर्यंत पायी जात असे. तेथेच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्यातल्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. भारतातले स्त्रियांचे पहिले विद्यापीठ हे असे लहान आणि निवासी होते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहूंचे नाव दिले गेले. तेथे सगळ्या जातींची मुले एकाच चुलीवरचे जेवत, आणि ती चूल विझू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. या सगळ्या ठिकाणी क्रम एकच दिसतो. आधी मूल दारात आले, मग त्याच्यासाठी जागा झाली, आणि रजिस्टर त्याच्या मागून आले. आमच्या काळापर्यंत हा क्रम उलटला होता. आधी रजिस्टर, मग जागा, आणि मूल त्यात बसले तर बसले.

हे लिहून आम्ही स्वतःला त्या परंपरेत बसवत नाही. त्या परंपरेत खरे तर त्या मावशी बसतात, ज्यांनी सात महिने डबा भरताना एकही प्रश्न विचारला नाही आणि वहीतली नोंदही कुणाला सांगितली नाही.

* * *

आता पुन्हा जून २०२४ कडे येतो. नोटिस लागली. ती लावणे भाग होते. तपासणीही झाली, कारण टाकी आजही मोजक्याच मुलींची आहे आणि कायद्याने जबाबदारी आज तर अधिकच रेक्टरची आहे. अकरा नंबरच्या खोलीत दोन कॉटच्या मध्ये तिसरी गादी होती. त्या खोलीतल्या दोघी उभ्या होत्या, आणि गादीची मालकीण कपाटाला टेकून खाली बसली होती. आमच्यातल्या एकीला, म्हणजे आता रेक्टर असलेलीला, त्या दोघींचे चेहरे बघवेनात. त्यांतल्या एकीने विचारले, “मॅडम, लिहून द्यायचं का?” म्हणजे ती पद्धत अजून चालू होती, आणि मुलींना ती ठाऊकही होती.

नियमांच्या पुस्तिकेत पाहुणीची तरतूद होती: तीन दिवस, दररोजचे शुल्क भरून. रेक्टरने त्या मुलीचे पूर्ण नाव, गाव, वर्ग रजिस्टरात पाहुणी म्हणून लिहिले आणि तिला सही करायला लावली. शुल्काची पावती केली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे अर्ज नेला, की तीन जागा रिकाम्या आहेत, त्यांतली एक हिला द्यावी. प्राचार्यांनी प्रतीक्षायादी समोर ठेवली. तीत नऊ नावे होती. नऊजणी नियमाने अर्ज करून, गावात भाड्याच्या खोल्या घेऊन किंवा रोज दोन-दोन तास एसटीने प्रवास करून वाट बघत होत्या. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, जी न विचारता आत आली तिला जागा, आणि ज्या विचारून बाहेर थांबल्या त्यांना नाही, हे तुम्ही त्यांना समजावून सांगाल का?”

त्या रात्री पुन्हा फोन झाला, आणि या ठिकाणी आमचे द्विवचन तुटते. एकीचे म्हणणे, प्राचार्यांचे बरोबर आहे. यादीतल्या पहिल्या मुलीची परिस्थिती हिच्यापेक्षा बरी असेल हे आपण कशावरून धरतो? आपल्याला हिचे वाईट वाटते ते आपल्या जुन्या अपराधामुळे, आणि आपल्या अपराधाची फेड आपण दुसऱ्या कुणाच्या जागेतून करू पाहतो आहोत. दुसरीचे म्हणणे, यादी न्यायाची नसते, यादी फक्त क्रमाची असते. अर्ज कुठे, कधी, कुणाकडे करायचा हे जिला माहीत असते, तिचेच नाव यादीत लागते. त्या वेळची आपली तिसरी कोणत्या यादीत होती? यावर आमचे एकमत झाले नाही. हा लेख लिहीपर्यंतही झालेले नाही.

झाले ते इतकेच. रिकाम्या तीन जागा यादीप्रमाणे भरल्या. अकरा नंबरमधल्या मुलीसाठी गावातल्या एका शिक्षिकेच्या घरी भाड्याची खोली मिळाली, आणि रात्रीच्या जेवणासाठी मेसमध्ये गेस्ट म्हणून तिचे नाव लागले. राहायला नाही, पण जेवायला ती वसतिगृहात येते. जेवणघरात, सगळ्यांच्या पंक्तीला बसते. ही तोडगा काढल्याची गोष्ट आहे, न्याय केल्याची नव्हे. भाडे ती कसे भरते, हे विचारायचे आमच्यातल्या एकीच्या मनात आहे, आणि तिने अजून विचारलेले नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही दोघी लगेच सहमत झालो. तपासणी झाली तरी कुठल्याही मुलीकडून ‘मी हिला ओळखत नाही’ असे लिहून घ्यायचे नाही. दंड करायचा तर करावा, जागा नाकारायची तर नाकारावी. पण नाव घेऊन. नोटिशीच्या मसुद्यातला ‘सदर’ हा शब्द रेक्टरने खोडला, आणि त्या जागी काय लिहावे म्हणून दुसरीला विचारले. बराच वेळ विचार करून आम्ही तेथे मोकळी जागा सोडली आणि कंसात सूचना लिहिली: येथे विद्यार्थिनीचे पूर्ण नाव लिहावे.

मेसच्या वहीचे महिना पूर्ण झाला की रेक्टरची सही लागते. आता ती सही वाचून होते.